देवाच्या नावाचा पासवर्ड

माझ्या कामात चोर कधी दिसत नाही. त्याने काय केलं तेवढंच दिसतं: कुठली खिडकी उचकटली, घरात कुठून कुठे फिरला, काय उचललं, जाताना काय पेटवून गेला. एखाद्या कंपनीच्या संगणकांवर हल्ला झाला की आम्हाला बोलावतात. आधी आग विझवायची, मग ती कुठून लागली ते शोधायचं, मग अहवाल लिहायचा. आधी हे मी पुण्यात ऑफिसात बसून करत होते, आता मालवणच्या बाजूला आमच्या गावी घरी बसून करते. इन्व्हर्टर आहे, दोन कंपन्यांचं इंटरनेट आहे, वीज गेली तरी काम थांबत नाही. गावात मात्र माझं काम कुणाला नीटसं कळलेलं नाही. 'कंप्युटरचा कायतरी करता' एवढंच. मोबाइलमधले फोटो उडाले की बायका माझ्याकडे येतात. मी ते परत आणून देते, कारण माझं काम समजावून सांगण्यापेक्षा ते लवकर होतं.

इतक्या वर्षांत एकाही हल्लेखोराचं तोंड मी पाहिलेलं नाही. ते बसलेले असतात कुठल्यातरी देशात, नाव खोटं, पत्ता खोटा. माणूस चिडतो आणि तो राग काढायला जागा नसते. त्यातून आमच्या धंद्यात एक नियम आहे: अहवालात माणसाला दोष द्यायचा नाही. दार उघडं राहिलं असं लिहायचं, अमक्याने उघडं टाकलं असं लिहायचं नाही. दोष दिला की पुढच्या वेळी लोक चूक लपवतात आणि आग जास्त पसरते. नियम बरोबर आहे. नव्याने कामाला लागणाऱ्यांना मी तोच शिकवते. पुढे जे सांगते आहे त्यातही मी तो पाळला. तरी मला जे हवं होतं ते मी मिळवलं, आणि त्याचं मला वाईट वाटत नाही.

माझी धाकटी बहीण तालुक्याच्या गावात एका ट्रस्टच्या रुग्णालयात नोंदणीच्या खिडकीवर बसते. लहानसंच रुग्णालय आहे. पेशंट आला की त्याचं नाव घालायचं, जुने कागद काढायचे, डॉक्टरकडे पाठवायचं. लग्नाआधीपासून ती तिथे आहे. आजूबाजूच्या गावांतली अर्धी माणसं ती चेहऱ्याने ओळखते, उरलेली त्यांच्या दुखण्यांनी.

एका सकाळी तिचा फोन आला.

"गो ताय, कंप्युटर चालू केलंय तर सगळा काळा झालाहा. लाल अक्षरात इंग्रजीत कायतरी लिवलाहा. पैसे मागतत."

"कशाला हात लावू नको. बंद पण करू नको. नेटची वायर काढ. सगळ्यांना काढायला सांग."

"सायब सांगतत बंद करून परत चालू करा."

"साहेबांना सांग, मी सांगितलंय."

साहेब म्हणजे रुग्णालयाचे प्रशासक. बँकेतून लवकर निवृत्ती घेऊन आलेले, इस्त्रीचा शर्ट, रुग्णालयात सगळ्यांशी शुद्ध मराठीत बोलणारे. त्यांनी माझं ऐकलं नाही. बंद करून चालू केलं, मग आणखी दोनतीन संगणक काळे झाले, आणि दुपारपर्यंत सगळेच. पेशंटांचे जुने रिपोर्ट गेले, औषधांचा साठा गेला, तपासण्यांच्या वेळा गेल्या. डॉक्टर पाठकोऱ्या कागदांवर लिहू लागले.

संध्याकाळी बहीण घरी आली ती सुट्टीवर पाठवलेली. प्रशासकांनी सगळ्यांसमोर सांगितलं होतं की हल्ला हिच्या संगणकापासून सुरू झाला, आदल्या दिवशी हिने कुठलीतरी नको ती मेल उघडली असणार, चौकशी होईपर्यंत हिने खिडकीवर बसू नये.

"उघडलीस का मेल?" मी विचारलं.

"उघडलंय. मैत्रिणीच्या चेडवाच्या लग्नाची पत्रिका होती."

"दुसरं काही?"

"तू पण तसाच विचारतंस?"

"मी सगळ्यांना तसंच विचारते."

ती उठून मागच्या पडवीत बांगडे साफ करायला बसली. मी तिच्यामागे गेले नाही. पत्रिकेत काही निघालं तर मला तसंच लिहावं लागेल, हे मला माहीत होतं आणि तिलाही.

आता गाऱ्हाण्याबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर गेलं. आमच्याकडे कुठलंही काम देवाला सांगितल्याशिवाय सुरू होत नाही आणि कुठलीही तक्रार देवाला सांगितल्याशिवाय संपत नाही. गुरव नारळ घेऊन उभा राहतो, मोठ्या आवाजात देवापुढे म्हणणं मांडतो, आणि जमलेली माणसं प्रत्येक वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणतात. रुग्णालयाच्या आवारात गावच्या देवाची घुमटी आहे, तिथे सोमवारी आरती होते. त्या सोमवारी प्रशासकांनी गुरवकाकांकडून गाऱ्हाणं घालून घेतलं. सुट्टीवर असलेल्या माझ्या बहिणीला निरोप पाठवला की सगळ्या स्टाफने हजर राहायचं आहे. ती गेली. न जावं तर काय म्हणतील, हे ती ओळखून होती.

"बा देवा म्हाराजा," गुरवकाका म्हणाले, "आज ही तुझी लेकरां तुझ्या पायाकडे उभी आसत."

"व्हय म्हाराजा."

"ह्या दवाखान्याची वाट कोणीतरी लावली. जेच्या हातान ह्या झाला आसात, तेका तू उघडो पाड."

"व्हय म्हाराजा."

"जोपर्यंत तो आपल्या तोंडान कबूल करना नाय, तोपर्यंत तेच्या घरात घास गोड लागू नको, तेच्या डोळ्याक झोप लागू नको."

"व्हय म्हाराजा."

प्रशासक सगळ्यांच्या पुढे हात जोडून उभे होते. मागच्या बायका माझ्या बहिणीकडे बघत होत्या. तिने प्रत्येक वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हटलं. हे तिने मला घरी येऊन सांगितलं, जसंच्या तसं, रडली नाही. सांगून झाल्यावर म्हणाली, "माझ्या तोंडान माका शाप घालून घेतल्यानी."

मी देवाधर्मातली नाही. पण त्या क्षणी मी ठरवलं की या माणसाला मी सोडणार नाही. वर्षानुवर्षं ज्या रागाला तोंड नव्हतं त्याला एकदाचं तोंड मिळालं. इस्त्रीच्या शर्टासकट.

हे बरोबर होतं का? संगणक काळे करणारा वेगळाच कुणीतरी होता, हे मला कळत होतं. पण तो माझ्या हाताला लागणार नव्हता आणि हा लागणार होता.

ट्रस्टच्या अध्यक्षबाई एका शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका, ख्रिश्चन, रविवारी चर्च आणि सोमवारी ट्रस्टची आरती दोन्ही न चुकवणाऱ्या. त्यांचा मला फोन आला.

"तू हेच काम करतेस ना बाय? बघशील काय आमचं?"

"बघेन. पण तुम्ही जिला घरी बसवलंत ती माझी सख्खी बहीण आहे."

"ते माहीत आहे. म्हणून तर विचारते."

"मग असं करू. माझ्याकडे जे येईल त्याची हुबेहूब प्रत पुण्यातल्या माझ्या सहकाऱ्याकडे जाईल. त्याला नातं सांगायचं नाही, गाव सांगायचं नाही. त्याचं आणि माझं जुळलं तरच मी बोलेन."

"आणि नाही जुळलं तर?"

"तर त्याचं खरं माना."

हे मी न्यायबुद्धीने केलं असं कुणी समजू नये. मला पक्का खिळा हवा होता, नंतर कुणी उपटू नये असा.

दुसऱ्या दिवशी मी रुग्णालयात बसले. प्रशासकांनी स्वतः चहा आणला.

"ताई, तुमच्यासारखी तज्ज्ञ व्यक्ती आपल्या भागात आहे हे आमचं भाग्य. मात्र एक सांगतो, मूळ कारण ती मेलच असणार. आजकाल असंच होतं, मी वाचलं आहे. बहिणीची चूक अनवधानाने झाली असं आपण लिहू. शब्द सौम्य ठेवू."

"चहा छान आहे," मी म्हटलं.

पत्रिका मी सगळ्यात आधी तपासली. नेटपासून तोडलेल्या एका यंत्रात उघडली, आतून बाहेरून उलटीपालटी केली. मोर, कलश, दोन्हीकडच्या आजोबांची नावं, आणि ती कुणी बनवून दिली त्या दुकानाची जाहिरात. बाकी काही नाही. पत्रिका म्हणजे नुसती पत्रिकाच होती. मी पाणी प्यायले आणि पुढे गेले.

मग दार शोधायचं होतं. हल्ला पहिल्यांदा बहिणीच्या संगणकावर दिसला हे खरं होतं. पण पहिल्यांदा धूर दिसला तिथेच आग लागली असं नसतं. संगणक स्वतःकडे नोंदी ठेवतो: कोण आलं, कुठून आलं, कुठल्या नावाने आलं. हल्लेखोर त्या पुसतात, पण घाईत सगळ्या पुसत नाहीत. या नोंदींत दिसलं की तिच्या संगणकाला बाहेरून, इंटरनेटवरून, थेट आत येण्याची वाट ठेवलेली होती. म्हणजे जगात कुठेही बसून, नाव आणि पासवर्ड टाकून, तो संगणक स्वतःपुढे असल्यासारखा चालवता येत होता. आणि तीही बरीच आधीपासून. बाहेरून कुणीतरी पासवर्डांमागून पासवर्ड लावून पाहिले होते. यंत्रच लावतं ते, माणूस बसत नाही. त्यातला एक लागला.

बहीण वाट बिट ठेवणारी नव्हे. तिला घरातल्या टीव्हीचा रिमोट जड जातो. बाहेरून आत येणारं खातं कुणाचं होतं ते पाहिलं. प्रशासकांचं. खात्याचं नाव म्हणजे त्यांचं आडनावच. ते रोज संध्याकाळी आपल्या घरून त्या वाटेने आत यायचे, दिवसभरात किती पेशंट झाले ते बघायला. वाट तिच्याच संगणकावर का? कारण पेशंटांच्या नोंदी तिच्याकडे होत्या. तिला हे कुणी सांगितलेलं नव्हतं.

पासवर्ड काय होता ते मी त्यांनाच विचारलं.

"तो आपल्या देवाच्या नावाने आहे," ते अभिमानाने म्हणाले. "संगणक आले तेव्हा पूजा घातली, गाऱ्हाणं घातलं. गुरव म्हणाले देवाचं नाव ठेवा, तो राखण करील. मी इंग्रजीत देवाचं नाव लिहून पुढे एक दोन तीन केलं."

"सगळ्या संगणकांना?"

"सगळ्या. एकच देव."

"कुणाकुणाला माहीत आहे?"

"सगळ्यांनाच. देवाचं नाव काय लपवायचं?"

"संगणक बसवून देणाऱ्याने बदलायला सांगितलं नव्हतं?"

कोल्हापूरहून तळेऱ्यामार्गे यायचा तो माणूस. त्याने दर खेपेला सांगितलं होतं, हे मी त्याला फोन करून आधीच विचारून घेतलं होतं.

"सांगितलं होतं," प्रशासक हसले. "पण ताई, देवाचं नाव काढून दुसरं घालायचं म्हणजे देवाला उठवल्यासारखं नाही का?"

आमच्या जिल्ह्यात निम्म्या दुकानांचे, सोसायट्यांचे, लॉजचे पासवर्ड गावच्या देवाच्या नावाने आहेत, पुढे एक दोन तीन. हे आम्हाला माहीत आहे तसं चोरांनाही आहे. जगभर चोरीला गेलेल्या पासवर्डांच्या ज्या याद्या हल्लेखोरांमध्ये फिरतात त्यांत आमचे सगळे देव आहेत. राखणीला बसवलेले देव चोरांच्या जुडग्यात किल्ल्या होऊन लटकलेत.

पुण्याच्या सहकाऱ्याचं उत्तर आलं. वाट तीच, खातं तेच, मेलचा संबंध नाही. त्याने शेवटी लिहिलं होतं, 'हे आडनाव ज्याचं असेल त्याला आज संध्याकाळी भेटू नकोस, आधी राग निवू दे.' मी त्याच संध्याकाळी भेटले.

प्रशासकांच्या खोलीत गेले, दार लावलं आणि सगळं सांगितलं. पहिल्यांदा ते शुद्ध मराठीत बोलत राहिले. तांत्रिक बाब आहे. हेतू स्वच्छ होता. मग अहवालात नाव येणार का ते विचारलं.

"आमच्या अहवालात माणसाचं नाव येत नाही," मी म्हटलं. त्यांनी सुस्कारा सोडला. "खात्याचं नाव येतं."

त्यांना कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा शुद्ध मराठी गळून पडली.

"बाये, माका खंय ठाऊक होता असा होतला म्हणान?"

"माझ्या बहिणीला तरी कुठे ठाऊक होतं?"

"चुकी झाली गो. पण त्या गाऱ्हाण्याचा काय? सोमवारपासून बायको माझ्याशी बोलणा नाय. तिका माहीत आसा मी घरसून कंप्युटर बघतंय ता. ताट वाढता नि आत जाता. रात्री डोळ्याक डोळो लागणा नाय. तुझ्या भयणीक सांग, गाऱ्हाणा उचलूक. गुरव सांगता, जेच्यावर बोट दाखवला तेनीच नारळ ठेवून मोकळा करूक होया."

"म्हणजे बोट तिच्यावर होतं, हे गुरवाला माहीत होतं."

ते टेबलावरचे कागद सारखे करू लागले.

"आणि तुम्हाला तर होतंच," मी म्हटलं आणि उठले. खोटं कशाला बोलू, जिना उतरताना मला मोकळं वाटत होतं. त्या दिवशी मी घरी जाऊन पोटभर जेवले.

अहवाल मी नेहमीसारखाच लिहिला. कोणी चुकलं असं एकही वाक्य नाही. 'अमुक खात्यासाठी बाहेरून वाट उघडण्यात आली. अमुक खात्याचा पासवर्ड बदलण्यात आला नाही. अमुक खात्याने हल्ल्यानंतर संगणक बंद करून पुन्हा सुरू केले, त्यामुळे नुकसान वाढले.' अमुकच्या जागी प्रत्येक वेळी ते आडनाव. आणखी कुठे येऊ शकतं का, तेही पाहिलं आणि तिथेही घातलं. नोंदणीच्या खिडकीवरच्या मेलबद्दल वेगळा परिच्छेद केला, ठळक अक्षरात: तिचा हल्ल्याशी काहीही संबंध नाही.

विश्वस्तांच्या बैठकीत मी तो मोठ्याने वाचला, हळूहळू, मुद्दाम. एकजण म्हणाले, "पण मॅडम, एवढ्या वेळा नाव..."

"खात्याचं आहे," मी म्हटलं.

अध्यक्षबाईंनी चष्मा काढून पुसला. "बहिणीला उद्यापासून येऊ दे. मी पत्र देते."

"पत्र तिला नको," मी म्हटलं. हे आम्ही दोघी घरी बोलून आलो होतो. "तिच्याबद्दल जे बोललं गेलं ते आवारात, देवापुढे, सगळ्या स्टाफसमोर. ते तिथेच पुसलं जायला हवं. जे बोलले त्यांनीच ते पुसायचं."

"हे जरा फार होतंय," ते मघाचेच विश्वस्त म्हणाले.

"तिच्या तोंडून 'व्हय म्हाराजा' म्हणवून घेतलं तेव्हा फार झालं होतं," अध्यक्षबाई म्हणाल्या आणि विषय संपला.

पुढच्या सोमवारी मी रजा घेतली आणि गेले. जुन्या बॅकअपवरून बरंचसं परत उभं राहिलं होतं, राहिलेलं आम्ही हाताने भरत होतो. आवारात गर्दी होती. स्टाफ होता, पेशंट होते, आणि बातमी ऐकून आलेली बाहेरची माणसंही होती. प्रशासकांचा शर्ट इस्त्रीचाच होता. ते घुमटीपुढे उभे राहिले. मान खाली होती, पण आवाज मागेपर्यंत ऐकू आला.

"माझ्यामुळा झाला. वाट मी उघडी ठेवलंय. हिचा नाव मी उगाच घेतलंय."

कुणी 'व्हय म्हाराजा' म्हटलं नाही. बायका माझ्या बहिणीकडे बघत होत्या, पण मागच्या सोमवारसारख्या नव्हे. एकीने पुढे होऊन तिचा हात धरला. माझं काम तिथे झालं होतं. तिचं नाव धुतलं गेलं, जागा परत मिळाली. यापुढे ती माफ करणार, हे मी धरूनच चालले होते. आमच्या घरात कठोर मी आणि मऊ ती, असं लहानपणापासून सगळ्यांनी ठरवून टाकलेलं आहे.

गुरवकाकांनी सोललेला नारळ तिच्यापुढे धरला. "घे गो बाये. देवाकडे ठेव, नि मोकळा कर तेंका."

तिने नारळाला हात लावला नाही.

"काकानू, गाऱ्हाणा कोणावर घातलास?"

"जेच्या हातान झाला तेच्यावर."

"माझ्या हातान झाला काय?"

"नाय गो."

"मगे ता माझा न्हय. मी कित्याक उचलू?"

"अगो, तेंनी कबूल केल्यानी मा? देव बघता."

"देवाक बघूनदे. तो सोडीत तेव्हा सोडीत. मी 'व्हय म्हाराजा' म्हटलंय, ता परत घेवचंय नाय."

प्रशासकांनी माझ्याकडे पाहिलं. आता मी काहीतरी बोलेन, मोठी बहीण म्हणून समजूत घालीन असं त्यांना वाटलं असणार. मी त्यांच्याकडे सरळ बघत राहिले. गुरवकाकांच्या हातात नारळ तसाच.

तेवढ्यात नोंदणीच्या रांगेतून एक म्हातारी ओरडली, "अगो चेडवा, खिडकेर कोण बसतला काय नाय? सकाळपासून उभी आसय मी!"

"इलंय गो आये," माझी बहीण म्हणाली आणि गर्दीतून वाट काढत आत गेली. मी बाहेरून बघत होते. तिने खुर्ची पुढे ओढली, संगणक चालू केला आणि मी आदल्या दिवशी करून दिलेला, देवाच्या नावाचा नसलेला पासवर्ड घातला.

"नाव सांग," ती म्हणाली. "आणि गुडघो कसो आसा?"